शाळेला सुट्टी कोण सांगणार?

तंकमणी टीचर एप्रिलच्या सुट्टीत गेल्या. दहनाला सगळं कावुंतरा गाव आलं होतं, सोळाव्या दिवशी जेवायलाही आलं होतं. पण टीचर गेल्या म्हणजे नेमकं काय झालं, ते गावाला कळलं जुलैच्या नऊ तारखेला, सकाळी पावणेनऊ वाजता, भर पावसात, शाळेच्या धक्क्यावर.

त्या दिवशी कलेक्टरांनी सकाळी साडेसहाला पावसाची सुट्टी जाहीर केली होती. टीव्हीवर खालच्या पट्टीत ती बातमी धावत होती म्हणे. पण आदल्या संध्याकाळीच वीज गेल्यामुळे गावात टीव्ही नावाची वस्तू फक्त कपड्यानं झाकलेली होती. अडतीस मुलं छत्र्या घेऊन आपापल्या घराखालच्या धक्क्यावर उभी राहिली. बोटीचा तांडेल औसेप्प यानं रोजच्यासारखी एकेक मूल उचललं, पुलाखालून बोट काढली आणि शाळेच्या धक्क्याला लावली. फाटकाला कुलूप होतं. मग तीच अडतीस मुलं, तेवढ्याच ओल्या दप्तरांसह, उलट क्रमानं घरी पोचली.

दुपारी पालक चिडून शाळेच्या ओसरीत जमले. "सुट्टी होती तर सांगितलं का नाही कुणी?" असं एकानं दरडावून विचारलं. हेडमिस्ट्रेस लीलाकुमारी म्हणाल्या, "सांगायचं काम नेहमी..." आणि थांबल्या. ते काम तंकमणी टीचरांचं होतं. एकोणीस वर्षं सुट्टी आहे की नाही, बोट येणार की नाही, कुणी कुठल्या धक्क्यावर उभं राहायचं, हे त्याच सांगायच्या. हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. त्यामुळे काढून घेण्याचा किंवा दुसऱ्याला देण्याचा ठरावही कुठल्या वहीत नव्हता.

"मी करतो," मागून कुणीतरी म्हणालं.

ते टीचरांचे यजमान होते. दिवाकर पणिक्कर, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. टीचर गेल्यापासून त्यांना घरात बसवत नसे. खुर्चीत बसले की उठत, धक्क्यापर्यंत जात, पाणी बघत, परत येत, पुन्हा खुर्चीकडे बघत आणि पुन्हा धक्क्यावर जात. गावात लोक घड्याळाऐवजी त्यांच्याकडे बघून वेळ सांगायला लागले होते. काहीतरी करायला मिळणं ही त्यांची गरज होती, आणि शिवाय त्यांचं प्रामाणिक मत असं होतं की जे काम बायको कणीक मळता मळता, म्हणजे पुट्टूचं पीठ भिजवता भिजवता करत होती, ते एका हेडक्लार्कला जड जाऊ नये.

"सार, तुम्हाला पाण्यातलं काय कळतं?" खोबरेल तेलाच्या घाण्याचे मालक पुष्कराक्षन यांनी विचारलं. हे पालक संघाचे अध्यक्ष, वजन एकशे दहा किलो, आणि सल्ला द्यायचा तर समोरच्याला विचारायची वाट न बघणारे.

"तीस वर्षं पाण्याच्याच फायली हाताळल्यात मी," पणिक्कर म्हणाले.

"त्या कोरड्या होत्या," पुष्कराक्षन म्हणाले.

तरी काम पणिक्करांनाच मिळालं. कारण सगळ्या पालकांकडे टीचरांचा नंबर होता आणि तो फोन पणिक्करांच्या शर्टाच्या खिशात होता.

पणिक्करांनी प्रथम एक नोंदवही केली. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, धक्का, फोन, शेरा. शेऱ्याचा रकाना त्यांनी सर्वांत रुंद ठेवला. हा खात्याचा संस्कार. टीचरांनी कधी कागदावर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं याचं त्यांना आता मनातून थोडं बरंही वाटलं. संसारात एक तरी गोष्ट आपण तिच्याहून नीट करू.

पुढच्या आठवड्यात पुन्हा सुट्टी जाहीर झाली. पणिक्कर वही घेऊन ओसरीत बसले आणि पहिल्या नावापासून फोन लावू लागले.

"आज शाळेला सुट्टी आहे. कलेक्टरांचा आदेश."

"बरं झालं. सार, तुम्ही काय खाल्लंत?"

"कांजी."

"नुसती? अहो, असं कसं चालेल? चटणी वाटता येते का तुम्हाला? थांबा, सासूबाईंना देते."

सासूबाईंनी चटणी सांगितली. दुसऱ्या घरी लोणचं पाठवतो म्हणाले आणि बरणी परत करायची तारीख ठरवून घेतली. तिसऱ्या घरी आजोबांना आपलं पोट का बिघडलंय याबद्दल बोलायचं होतं. पणिक्करांना कुणाला मध्येच तोडून फोन ठेवणं जमेना. माणसं वाईट बोलत असती तर ठेवला असता. विसाव्या नावापर्यंत साडेआठ झाले आणि उरलेली अठरा मुलं बोटीत बसून शाळेला गेली. शेऱ्याच्या रकान्यात पणिक्करांनी लिहिलं, 'वेळेअभावी.'

"चेट्टा, टीचर एकालाच फोन करायच्या," पणिक्करांना थोरला भाऊ मानून चेट्टा म्हणणाऱ्या औसेप्पनं हळूच सांगितलं. "मला. मी भोंगा वाजवायचो. दोनदा म्हणजे सुट्टी. कालव्यावर सगळ्यांना ऐकू जायचं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही वही केली होतीत."

भोंग्यानं ती अडचण मिटली. पण भोंगा फार लवकर ऐकू जातो हा त्याचा दोषही आहे. पुढच्याच सोमवारी पणिक्करांच्या फोनवर कलेक्टरांच्या सहीशिक्क्याचा सुट्टीचा आदेश आला. पणिक्करांनी तो तीनदा वाचला. सही होती, शिक्का होता, जावक क्रमांक होता. जावक क्रमांकापुढे त्यांचं मस्तक आपोआप झुकतं. त्यांनी औसेप्पला फोन केला, भोंगा दोनदा वाजला, अडतीस मुलं पुन्हा अंथरुणात शिरली. तारीख फक्त कुणी बघितली नाही. आदेश गेल्या वर्षीचा होता. दर वर्षी भर पावसाळ्यातल्या कर्कटक महिन्यात जुने आदेश असे गावभर फिरतात, आणि शाळकरी पोरं ते जाणूनबुजून फिरवतात. हे कुणाही नातवाच्या आजोबाला माहीत असतं, पण पणिक्करांना नातू नव्हता. त्या दिवशी नेमके तालुक्याहून दुपारच्या जेवणाची पाहणी करायला साहेब आले. हेडमिस्ट्रेसबाईंनी त्यांना अडतीस मुलांचा भात आणि मूग दाखवले. मुलं दाखवता आली नाहीत. साहेबांनी दोन वाट्या मूग खाऊन 'खुलासा मागवावा' असा शेरा मारला.

तिसरा घोळ मात्र पणिक्करांचा नव्हता. तो नदीचा होता. शाळा नदीच्या ह्या तीरावर, ह्या जिल्ह्यात. चोवीस मुलं ह्या तीरावरची. चौदा मुलं पलीकडची, आणि पलीकडे दुसरा जिल्हा, दुसरे कलेक्टर. एका सकाळी पलीकडच्या कलेक्टरांनी सुट्टी दिली, अलीकडच्यांनी दिली नाही. पणिक्करांनी अलीकडच्या कचेरीत फोन लावला. तो चार टेबलांवरून फिरून एका तरुण कारकुनाकडे पोचला.

"मूल ज्या जिल्ह्यात असेल त्या जिल्ह्याची सुट्टी लागू," कारकून म्हणाला.

"घरी असताना ते तिकडच्या जिल्ह्यात असतं. शाळेत असताना इकडच्या."

"मग शाळेत आलं की सुट्टी नाही."

"पण सुट्टी आहे म्हणून ते शाळेत येणारच नाही."

"मग आहे सुट्टी."

"आणि बोटीत असताना? नदीच्या मध्यावर?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग कारकून म्हणाला, "सार, लेखी अर्ज करा. तपासून कळवू."

पणिक्करांनी फोन खाली ठेवला. हेच वाक्य त्यांनी स्वतः तीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं. ऐकणाऱ्याला कसं वाटतं, हे त्यांना ह्या वयात समजलं. टीचर अशा वेळी काय करायच्या, हे त्यांनी औसेप्पला विचारलं. टीचर पलीकडच्या मुलांना सांगायच्या, "यायचं असेल तर या, मूग केलेत."

त्या संध्याकाळी पुष्कराक्षन त्यांच्या ओसरीत येऊन बसले. लाकडी बाक कुरकुरला.

"सार, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही मन रमवायला हे करताय, ते आम्हाला कळतं. पण मुलं म्हणजे काही मन रमवायची वस्तू नाही. आणखी एक चूक झाली तर तो फोन माझ्याकडे द्या. मी घाण्यावर माणूस बसवतो."

"दुसरा नंबर घ्या की तुम्ही."

"अडतीस घरांत हा नंबर भिंतींवर लिहिलाय. पुलाखाली लिहिलाय. फोन द्यावा लागेल, सार."

पुष्कराक्षन गेल्यावर ते उठले, धक्क्यावर गेले, परत आले. त्या फोनवर टीचरांच्या बोटांच्या जागी काच घासलेली होती. सकाळी साडेसहाला तो अजून टीचरांनीच लावलेल्या गजरानं वाजायचा. पणिक्करांना फोनचं फारसं काही कळत नसे, पण तो दुसऱ्याच्या घाण्यावर वाजेल हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी ठरवलं, आता चूक करायची नाही.

आणि नेमका पाऊस थांबला.

मंगळवारी सकाळी ऊन पडलं. महिन्याभरानं गावानं कमरेचे मुंडू, साड्या, गाद्या, सगळं वाळत घातलं. पणिक्कर इतके खूश झाले की सकाळी आलेला फोन त्यांनी हसतच घेतला. फोनवर नाव होतं, 'कुट्टियम्मा पायरी'. एक बाई मोठ्यानं ओरडली, "नऊ पायऱ्या गेल्या! दहावीला लागलंय!" आणि फोन ठेवून दिला.

पणिक्करांनी विचार केला. गेल्या वर्षी घरच्या घाटाच्या पायऱ्या दुरुस्त करून घेतल्या होत्या. त्या गवंड्याची बायको असावी. त्यांनी खाली जाऊन आपल्या पायऱ्या मोजल्या. सातच होत्या, सातही शाबूत होत्या. बाईचा काहीतरी गैरसमज झाला असणार. त्यांनी तिला उलट फोन करून उगाच लाजवलं नाही.

बुधवारीही ऊन होतं. कुणाही कलेक्टरांनी कसलीच सुट्टी दिली नाही. भोंगा एकदा वाजला, अडतीसच्या अडतीस मुलं शाळेत पोचली, आणि पणिक्करांनी शेऱ्याच्या रकान्यात प्रथमच लिहिलं, 'सर्व सुरळीत.'

बारा वाजता पाणी चढायला लागलं. आकाशात ढग नाही, आणि पाणी चढतंय. पूर्वेच्या डोंगरात पाऊस पडला की ते पाणी मागाहून ह्या सखल कुट्टनाडात उतरतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पणिक्करांनाही माहीत होतं. पण इथल्या माणसाची नेमकी हीच चूक होते. महिनाभर आभाळाकडे बघून बघून ऊन पडलं की तो पाण्याकडे बघायचं विसरतो. साडेतीनला शाळा सुटली, मुलं बोटीत बसली, औसेप्प पुलापाशी गेला आणि बोट मागे घेऊन शाळेच्या धक्क्यावरच्या पणिक्करांकडे आला.

"चेट्टा, जात नाही. छप्पर चार इंच अडतंय."

पुलाच्या अलीकडे शाळा, पलीकडे नदीच्या दोन्ही तीरांवर मुलांची घरं. तिथं जायला रस्ता नाही, नुसतं पाणी. आणि शाळेच्या पटांगणात पाणी शिरायला सुरुवात झालेली.

पाच मिनिटांत पुलावर निम्मं गाव जमलं. जो तो सायकल उभी करून सल्ला देऊ लागला. एकजण म्हणाला, छप्पर कापा. दुसरा म्हणाला, मुलांना होडीनं न्या. "धार बघा कशी आहे," पणिक्कर म्हणाले. "होडीत मूल बसणार नाही." तिसऱ्यानं सांगितलं की त्याच्या आजोबांच्या वेळी असंच झालं होतं. तो ते सविस्तर सांगू लागला. पणिक्करांचं लक्ष पुलाच्या खांबावर होतं. आजोबांची गोष्ट संपेपर्यंत चाराचे पाच इंच झाले होते. गोष्टीत शेवटी आजोबांनीही काही केलं नव्हतंच.

"मी सांगत होतो," पुष्कराक्षन म्हणाले. "सार, फोन द्या आता."

पणिक्करांनी त्यांच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, वरपासून खालपर्यंत मोजलं.

"पुष्कराक्षन, तुमचं वजन किती?"

"काय?"

"बोट वर तरंगतेय म्हणून अडतेय. भार टाकला तर खाली बसेल. मुलांना उतरवून पुलाच्या टोकाशी रस्ता ओलांडून पलीकडच्या काठावर चालत न्या. तांदळाची पोती आणा. आणि सल्ला देणाऱ्या प्रत्येकानं बोटीत बसा."

हेडमिस्ट्रेसबाई म्हणाल्या, "तांदूळ जेवणासाठी आहे, पणिक्कर सार. वजनासाठी वापरल्याचा खुलासा मी काय देऊ? एक खुलासा आधीच बाकी आहे."

पणिक्करांनी नोंदवहीचं पान फाडलं आणि उभ्या उभ्या लिहिलं, 'दहा पोती तात्पुरती स्थलांतरित. धान्य सुस्थितीत परत येईल.' खाली सही केली. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी वरिष्ठांना न विचारता केलेली ती पहिली सही. बाईंनी कागद पदराखाली ठेवला आणि किल्ली काढून दिली.

पोती आली. बोट थोडी बसली. मग माणसं चढू लागली. सल्ले देताना शंभर होती, चढताना मोजली तर एकोणीस भरली. "तीन इंच अजून!" औसेप्प ओरडला. पणिक्कर स्वतः उतरले. मुंडू पांढराशुभ्र, बोटीच्या तळात घोटाभर चिखलपाणी. ते त्यात मांडी घालून बसले. हेडक्लार्क पाण्यात बसलेला बघून आणखी पाचजणांना लाज वाटली. हेडमिस्ट्रेसबाईही चपला हातात घेऊन आल्या.

"अजून एक इंच!"

सगळ्यांनी वर पाहिलं. बाकीचे सायकली काढून पसार झाले होते, पुलावर आता एकटे पुष्कराक्षन उरले होते.

"मला पोहता येत नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

"मलाही नाही," पणिक्कर म्हणाले. "या. माझ्याजवळ बसा."

पुष्कराक्षन उतरले तेव्हा बोटीनं एक सुस्कारा टाकला. बोट इतकी खाली बसली की पाणी काठाला येऊन आत डोकावलं. औसेप्पनं इंजिन हळू केलं. सगळे माना घालून आडवे झाले. पुष्कराक्षन यांनी पणिक्करांचा हात इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. वर सिमेंट घासल्याचा आवाज आला. छपरावरचा बोटीच्या नावाचा फलक मोडून पाण्यात पडला आणि बोट पलीकडे निघाली.

माणसं उतरली, पोती उतरली, मुलं चढली. पणिक्करांनी मुलं मोजली. अडतीस. मुंडूचं पाणी पिळून पुन्हा मोजली. अडतीस. औसेप्पनं एकेका घरी मूल उतरवलं आणि प्रत्येक धक्क्यावर एकदा भोंगा वाजवला. पणिक्कर पुलावर उभे राहून भोंगे मोजत होते. शेवटचा भोंगा झाला तेव्हा कुठे ते तिथल्या कठड्यावर बसले. कित्येक महिन्यांत ते प्रथमच कुठे तरी नुसते बसले होते.

बोट अर्थात परत येऊ शकत नव्हती. औसेप्प पलीकडे सासूकडे मुक्कामाला राहिला. ह्या सगळ्यात खरं नुकसान आपलंच झालं असं तो अजून म्हणतो.

"एक सांगा सार," कपडे पिळत पुष्कराक्षन म्हणाले. "टीचर असताना असं कधी झालं नाही. उन्हातसुद्धा त्या एक दिवस आधी सांगायच्या, उद्या शाळा बंद ठेवा, पाणी येतंय. हेडबाई त्यांच्या शब्दावर बंद ठेवायच्या. त्यांना कळायचं कसं?"

पणिक्करांनी फोन काढला. तो प्लास्टिकच्या पिशवीत असल्यामुळे कोरडा होता. मागच्या वर्षी टीचरांनी केलेल्या फोनांची यादी ते खाली खाली बघत गेले. जून ते सप्टेंबर, रोज सकाळी पावणेसात. एकच नाव. 'कुट्टियम्मा पायरी'.

त्यांनी फोन लावला. पलीकडून बाई ओरडल्या, "आली का आठवण! जूनपासून वाट बघतेय. म्हटलं, टीचर रुसल्या असतील. बरं, रुसा. पण काल नववी गेली तेव्हा राहवेना म्हणून मीच केला."

"बाई, मी टीचर नाही. मी पणिक्कर..."

"मोठ्यानं बोला! ऐकू कमी येतं मला, आणि इथं डोंगरात पत्र्यावर पाऊस आहे!"

"मी पणिक्कर!"

"अय्यो, सार होय? टीचर आंघोळीला गेल्यात वाटतं. त्यांना सांगा, आमच्या देवळाच्या घाटाची अकरावी पायरी गेली. नववी गेली की दीड दिवसात पाणी तुमच्याकडे, त्यांना माहीत आहे. अकरावी म्हणजे शुक्रवारी घराच्या ओट्याला लागेल. मुलांना सोडू नका म्हणावं."

"बाई, टीचर..."

"ठेवते, दूध उतू जातंय."

पणिक्करांनी फोन पुन्हा पिशवीत घातला. पुष्कराक्षन यांनी शेजारून सगळं ऐकलं होतं. बाईंचा आवाज तसा पुलाच्या पलीकडेही ऐकू गेला असावा. पुष्कराक्षन यांनी पिळलेला शर्ट पुन्हा एकदा पिळला. मग म्हणाले, "फोन राहू द्या तुमच्याकडेच. घाण्यावरच्या माणसाला ह्या बाई झेपायच्या नाहीत."

शुक्रवारी खरंच पाणी ओट्याला लागलं. पण गुरुवारपासूनच शाळा बंद होती, आणि कडकडीत उन्हात शाळा बंद का ठेवली याचा तिसरा खुलासा हेडमिस्ट्रेसबाईंनी आनंदानं लिहिला. आता पणिक्कर रोज सकाळी पावणेसातला डोंगरात फोन लावतात. कुट्टियम्मा पायऱ्यांचा आकडा सांगतात, कधी सहा, कधी चार. शेवटी म्हणतात, "टीचरना सांगा हं." पणिक्कर रोज तोंड उघडतात, पण आधी पायऱ्यांचा आकडा नीट लिहून घ्यावा लागतो, आणि तोवर तिकडे कुट्टियम्मांचं दूध उतू जायला लागतं. मग ते म्हणतात, "सांगतो," आणि भोंग्यासाठी औसेप्पला फोन करतात.

कुट्टियम्माला सांगायचं अजून राहिलं आहे.